दुधातून उतरलेली गुंगी

माझ्या थोरल्या मुलाच्या वेळची ही हकिगत. बाळंतपणाला महिना उलटला तरी माझा खोकला हटेना. खोकून खोकून बरगड्या दुखत. आमचे हे गिरणीत कारकून होते. कामावरून येताना त्यांनी नवी पेठेतल्या डॉक्टरांकडून मिक्श्चरची बाटली आणली. बाळंतिणीने दवाखान्यात जायची तेव्हा रीत नव्हती, त्यामुळे डॉक्टरांनी मला पाहिलेलं नव्हतं.

औषधाने खोकला बसला आणि बाळही शांत झालं. रडून घर डोक्यावर घेणारं पोर आता सारखं निजून राही. सासूबाई म्हणाल्या, सिद्धेश्वराने ऐकलं. मलाही तसंच वाटलं. पण बाळ दूध ओढेना. माझा पान्हा दाटून येई आणि ते दोन घोट घेऊन डोळे मिटी. मनात पाल चुकचुकत होती, तरी देवाने दिलेल्या शांततेवर शंका कशी घ्यावी, म्हणून मी गप्प राहिले.

सव्वा महिना झाला तशी सोमवारी सासूबाईंबरोबर बाळाला घेऊन तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळात गेले. आभार मानायचे म्हणून डोकं टेकलं आणि तोंडून भलतंच निघालं, "देवा, याला जागं कर."

सभामंडपात शेजारी एक पोक्त बाई बसल्या होत्या. बार्शीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या, दर्शनाला आलेल्या. त्यांनी बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. त्याने जेमतेम पाय आखडला. वाकून त्याचा श्वास बघत त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही स्वतः काही औषध घेता का?"

खोकल्याचं घेते, असं मी सांगितलं.

"त्यात अफू असेल. आईच्या दुधातून ती लेकरालाही जाते. अंगावर पाजता, हे डॉक्टरांना सांगितलंय का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. बाळाला उचलून आम्ही तडक त्या डॉक्टरांकडे निघालो. त्या बाई आमच्याबरोबर टांग्यात बसल्या आणि वाटभर त्यांनी बाळाला निजू दिलं नाही.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मिक्श्चरमध्ये अफू होतीच. घरात तान्हं मूल आहे का, हे विचारायचं आपल्याकडून राहिलं, असं त्यांनी सरळ कबूल केलं. औषध बंद झालं. संध्याकाळपर्यंत त्यांनी बाळाला डोळ्यांसमोर ठेवलं, आणि अंगातलं औषध उतरेपर्यंत माझं दूध काढून टाकायला सांगितलं. तोवर शेजारच्या विणकरांच्या नरसम्माने आपल्या तान्हीबरोबर त्यालाही पदराखाली घेतलं. "लई हळू ओढतंय, पण ओढतंय की," ती म्हणाली.

दुसऱ्या दुपारी भुकेने त्याने असा टाहो फोडला की बोळातल्या बायका दारात आल्या. त्याच्याबरोबर मीही रडले.

त्या नर्सबाई गाडीची वेळ झाली म्हणून दवाखान्यातूनच परतल्या होत्या. नाव विचारायचं राहून गेलं. पुढे कितीतरी सोमवार त्या मंडपात मी त्यांची वाट पाहिली. त्यांना देवाने धाडलं का, हे मी कोण ठरवणार? आपली शंका देवापुढे ठेवली तर तो रागावत नाही, एवढं मला त्या दिवशी उमगलं. आता बोळात कुणा बाळंतिणीला औषध आणायचं झालं, की मी तिच्या नवऱ्याला दारातच थांबवते आणि म्हणते, "मूल अंगावर पितं, हे आधी सांगा."