शब्दकोशात नसलेले शब्द

परदेशात, रेजिनातल्या युनिव्हर्सिटीत नोकरी लागली तेव्हा त्या गावात मी कुणालाच ओळखत नव्हते. एका घराचं बेसमेंट भाड्यानं घेतलं होतं. वीकेंडला ग्रोसरी आणायची, लाँड्री करायची आणि मग सोमवारपर्यंत तोंड उघडायचं कारण उरत नसे.

त्या दिवसांत मला रोजनिशी लिहिण्याचा एक छोटा प्रोग्रॅम सापडला. मिसिसागातल्या एका रिटायर्ड मराठी इंजिनियरनं तो स्वतःसाठी लिहून सगळ्या कोडसकट नेटवर मोफत ठेवला होता. त्यात मराठी जोडाक्षरं तुटत होती. मी दुरुस्ती करून पाठवली, तर त्यांचा फोनच आला.

"नागपूरची का तू?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या मेलमध्ये 'करून राहिले' वाचलं."

तेव्हापासून ते माझे काका झाले. दर रविवारी दुपारी आम्ही फोनवर बोलायचो. आधी कोडबद्दल, मग इतर कशाहीबद्दल. त्यांची मुलं त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. मराठीत बोलायला त्यांनाही कुणी नव्हतं.

प्रोग्रॅमला शुद्धलेखन तपासता यावं म्हणून मी त्याच्या शब्दकोशासाठी मराठी शब्दांची यादी करायला घेतली. आई गेल्यावर नागपूरला गेले, तेव्हा बाबांच्या कॉम्प्युटरवर हाच प्रोग्रॅम बसवून दिला. "यात लिहा. तुमच्याशिवाय कुणी वाचणार नाही," असं मीच त्यांना सांगितलं. बाबा लिहू लागले.

पुढे मार्कहॅमच्या एका कंपनीनं काकांना मदत देऊ केली. सर्व्हर त्यांचा, दोन इंजिनियरही त्यांचे. काका थकले होते, त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

वर्षभरानं त्यातल्या एका इंजिनियरचा मेल आला. अगदी सौजन्यानं लिहिलेला. नव्या व्हर्जनमध्ये शब्दकोशात न सापडलेले शब्द आपोआप आमच्याकडे येतात, त्यात सर्वांत जास्त मराठी आहेत, तेव्हा सोबतची यादी जरा बघाल का?

मी यादी उघडली. सांभारवडी, म्हणजे आमच्या नागपूरकडची कोथिंबीरवडी. डायलिसिसला. पायरीवरून. उशाशी. मग एक शब्द आला. ते माझं लाडाचं नाव होतं. आईनं पाडलेलं, आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नसलेलं. त्याच्या पुढे शब्द होता, 'कळवलंच'. नंतरचा 'नाही' शब्दकोशात असणारच, तो मी मनातच जोडला.

इंग्रजीत न सापडणारे शब्द थोडेच असतात. माझी मराठी यादी अपुरी होती. तिच्यात 'घर' होतं, पण 'घरातल्या' नव्हतं. म्हणजे बाबांची जवळजवळ अख्खी रोजनिशी, ओळीनं, मार्कहॅमला जात होती.

मी काकांना फोन केला. "काका, हे कोड तुम्ही वाचलं होतं?"

"नाही गं. चांगली मुलं आहेत ती. मी नुसतं ओके केलं."

"मी हे वापरणाऱ्या सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर लिहिणार आहे."

"आधी त्यांच्याशी बोलू ना आपण. चारचौघांत कशाला?"

मी लिहिलंच. कंपनीचं उत्तर आलं, की माहितीला कुणाचं नाव जोडलेलं नसतं. पुढच्या व्हर्जनमध्ये त्यांनी परवानगीची चौकट दिली, तीही आधीच टिक केलेली. काका लिस्टवर एक अक्षर बोलले नाहीत. त्या रविवारी त्यांचा फोन आला नाही, पुढच्याही नाही. मी केला तेव्हा म्हणाले, "खूप स्नो पडलाय, शोव्हल करायला जातोय." मी पुन्हा फोन केला नाही. चूक काढल्याचं मला वाईट वाटत नव्हतं. त्यांचं ऐकून थोडी थांबले असते, तर काय बिघडलं असतं, असं मात्र वाटत राहिलं.

कोड सर्वांसाठी खुलं होतं. मी त्याची वेगळी प्रत केली, ते शब्द पाठवणारा भाग काढून टाकला, उरलेली प्रत्येक ओळ वाचली. त्या कामात माझा तो सगळा विंटर गेला. मग बाबांना फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे कुणी वाचलं?" त्यांनी विचारलं.

"वाचलं असेलच असं नाही. पण गेलं."

"मी तुझ्या आईबद्दल लिहीत होतो."

"माहीत आहे, बाबा. आता मी नवीन पाठवते. हे मी स्वतः तपासलंय."

"मागचंही तूच बसवून दिलं होतंस ना," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग त्यांनी विचारलं, जेवलीस का.

मी नवी प्रत पाठवली. ती उघडली का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पुढच्या सुट्टीत घरी गेले, तर टेबलावर एक जाड वही होती आणि वर पेन ठेवलेलं. बाबा आंघोळीला गेले होते. मी वहीला हात लावला नाही, स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.