जिजाजींची पापणी

ग्वाल्हेरात माझ्या जिजाजींनी टक लावून न बघितलेला माणूस शोधून सापडायचा नाही, आणि जिजाजींनी आपल्याला बघितलं असं ज्याला वाटतं तो हमखास फसलेला असतो. ते बघतात ती फक्त त्याची पापणी. तिकडे दक्षिणेत, महाराष्ट्रात, बहिणीच्या नवऱ्याला भावोजी म्हणतात; आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या राहून जिजाजी म्हणायला लागलो. हे जिजाजी डोळ्यांचे डॉक्टर, पण पापणीच्या आत डोळा असतो याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नाही. मोतीबिंदू इतरांनी काढावेत. लोंबलेल्या पापण्या, बाहेर वळलेल्या कडा, अपघातात फाटलेले गाल, लकव्याने वाकडी झालेली तोंडं हे यांचं राज्य. ताईला बघायला आले तेव्हा हातात तिळाच्या गजकेची वडी धरून पूर्ण वेळ ते आमच्या बाबांकडे बघत होते. ताई समोर बसून बसून अवघडली. शेवटी म्हणाले, "काका, तुमची खालची पापणी बाहेर वळली आहे, म्हणून सारखं पाणी येतं. लग्नाच्या आधी ठीक करून टाकू." लग्न ठरलं हे आम्हाला असं कळलं. बाबांची पापणी खरोखरच ठीक झाली, आणि जन्मभर ओल्या डोळ्यांनी वावरलेल्या बाबांना पाठवणीत कोरडं उभं बघून आमच्या आत्याने त्यांना निर्दयी ठरवलं.

अशा माणसाच्या स्वतःच्याच पापण्यांचं ऑपरेशन त्या मंगळवारी आत चाललं होतं, आणि मी हिरवा झगा आणि टोपी घालून बाहेर बाकावर बसले होते. मी ना डॉक्टर ना नर्स. दर्पण कॉलनीत पोळ्या लाटणारी आणि संध्याकाळी मुलांना गणित शिकवणारी बाई मी. पण आत जायचं होतं, कारण जिजाजींचा नियमच तसा आहे. पापणीला सुई देऊन सुन्न करतात, माणूस जागा असतो. शेवटची गाठ मारण्याआधी जिजाजी त्याला टेबलावर उठवून बसवतात, समोर बघायला सांगतात आणि घरचं एक माणूस आत बोलावून विचारतात, "यही हैं ना?" हो म्हटलं तरच गाठ. त्यांचं म्हणणं, सर्जनला पापणी कळते, तोंड घरच्यांना कळतं. मुरारच्या एका निवृत्त सुभेदारांची बायको आत आली, नवऱ्याला बघून म्हणाली, "हां, यही हैं, पर पहले आँख से डर लगता था." जिजाजी म्हणाले, "वो टाँके से नहीं आएगा, बहनजी." सराफ्यातल्या एक शेठाणी कुठल्याशा नटीचा फोटो घेऊन आल्या, असे डोळे पाहिजेत म्हणून. जिजाजींनी त्यांना स्वतःचा लग्नातला फोटो आणायला घरी पाठवलं. जुना फोटो बघितल्याशिवाय ते सुरीला हात लावत नाहीत.

आणि ह्या गृहस्थांचा स्वतःचा एक धड फोटो नाही. लग्नाच्या सगळ्या फोटोंत फ्लॅश उडाला की डोळे मिटलेले. पुढे कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, त्यामुळे घरात फोटो आहेत ते ताईचे आणि लोकांच्या पापण्यांचे. मुलगा परदेशात असतो, पण व्हिडिओ कॉलवर जिजाजी फोन असा धरतात की त्याला इतकी वर्षं वडिलांचं फक्त कपाळ दिसत आलं आहे. ताई असती तर आत तीच गेली असती. ती गेली, आणि तिच्या मागोमाग ह्यांच्या पापण्या उतरायला लागल्या. आधी ते मान मागे टाकून चालायचे, लोकांना वाटलं डॉक्टरसाहेबांना गर्व झाला. मग ते पापण्या चिकटपट्टीने कपाळाला चिकटवून ऑपरेशन करायला लागले. मग बाड्याच्या चौकात एक टेंपो त्यांच्या अंगाला घासून गेला, त्यांना तो दिसलाच नव्हता. त्या दिवशी त्यांनी सुरी खाली ठेवली आणि महिनाभर माझ्याकडे येऊन गप्प बसत राहिले. मला त्यांची वटवट सोसत नाही, पण ती बंद झालेली अजिबात सोसली नाही.

ऑपरेशनसाठी दिल्लीला जायला ते तयार नव्हते. त्यांना त्यांची शिष्याच हवी होती, त्यांच्याच हाताखाली शिकलेली डॉक्टर मुलगी, जी आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन रडून गेली होती. "मावशी, कमी उचललं तर सरांना दिसणार नाही. ज़्यादा उचललं तर डोळा बंद नाही होणार, सूख जाएगा. मग सर कधीच ऑपरेट नाही करू शकणार. और वो लेटे-लेटे मुझे डाँटेंगे." मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार?

दार उघडलं. आत जिजाजी टेबलावर टेकून बसले होते, गळ्यापर्यंत हिरवं कापड, भुवयांवर औषधाचा पिवळा डाग, आणि डोळे उघडे. कितीतरी दिवसांनी मला त्यांची बुबुळं पूर्ण दिसली.

"मावशी, हेच ना सर?" मुलीने विचारलं.

मी बघत राहिले. दोन्ही पापण्या पट्टी लावून आखल्यासारख्या सारख्या होत्या. काम बेदाग होतं. आणि समोर एखादे सज्जन मुख्याध्यापक बसले होते, ज्यांना मी ओळखत नव्हते.

"उजवी थोडी खाली पाहिजे," मी म्हटलं.

"मोज," जिजाजी म्हणाले. मुलीने मोजलं. "सर, दोन्ही बराबर आहेत."

"ऐकलंस? बराबर आहेत," जिजाजी मला म्हणाले. "तुला कोणी सांगितलं उजवी खाली होती म्हणून?"

"ताईने. तुमचं खोटं तिला त्या पापणीवरून कळायचं. खोटं बोललात की ती आणखी खाली यायची. तिने मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी दाखवलं होतं."

नर्स हातातली कापसाच्या बोळ्यांची वाटी तशीच धरून उभी राहिली.

"मला कधी बोलली नाही ती," जिजाजी म्हणाले.

"बोलली असती तर तुम्ही ती ठीक करून घेतली असती."

ते माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझी पापणी नाही, मला बघितलं असं मला वाटलं. मग हळूच म्हणाले, "टाका सैल कर, बेटा. उजवीचा."

मुलीने चिमटा उचलला, वाकली आणि थांबली. "सर, पाणी येतंय. लेव्हल दिसत नाहीये. थोडं थांबू या?"

"थांब," जिजाजी म्हणाले, आणि आम्ही सगळे थांबलो.