बंदरावरचे राहिलेले निरोप

सुरतेत माझ्या मेव्हण्याचा निरोप न घेता कुणी निघून गेल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. मेलेल्यांना तरी ते जमत असेल असं मला वाटायचं. पण घाटावरून सगळे घरी निघाले की हा मागे वळून वळून हात हलवतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला तो पुढच्या सोसायटीपर्यंत सोडायला जातो. चुकून कुणाचा फोन लागला तर 'राँग नंबर' म्हणून ठेवून देत नाही. समोरच्याचं गाव कोणतं, जेवण झालं का, हे विचारून "बरं मग, सांभाळून राहा" म्हणतो आणि आधी त्याला ठेवू देतो. मी एकदा वैतागून विचारलं, "अरे, लोकांना जाऊ देत का नाहीस तू?" तर म्हणाला, "दाजी, येणारा माणूस दिसतोच सगळ्यांना. जाणाऱ्याच्या पाठीकडे कुणी बघितलं नाही, तर तो गेला हे कळणार कुणाला?"

माझ्याकडे आलेल्या एका पाहुण्याला पोहोचवायला हा उधना स्टेशनवर गेला. शेवटचं एक सांगायचं राहिलं म्हणून डब्यात चढला, आणि ते सांगून होईपर्यंत व्यारा आलं. याला परतीच्या गाडीत नीट बसवून द्यावं म्हणून तो भला पाहुणाही व्याऱ्याला उतरला, आणि त्याची गाडी निघून गेली. संध्याकाळी दोघंही हसत हसत माझ्या दारात उभे. पाहुणा आणखी चार दिवस राहिला.

मी धंद्याचा माणूस. शिंदखेड्याहून एका पिशवीनिशी आलो, कडोदऱ्याला मागावर उभा राहिलो, आणि आज रिंगरोडच्या कापड मार्केटात साड्यांच्या लेसचं माझं स्वतःचं दुकान आहे. हे मी घासाघिशीवर आणि थोडंफार संतापावर मिळवलं. सौदा पक्का झाला की गिऱ्हाइकाला क्षणभरही बसू द्यायचं नाही, हा माझा नियम. बसलेला माणूस विचार करायला लागतो. आणि देवाने माझ्या बायकोला भाऊ दिला तो असा, जाणाऱ्याला बसवून ठेवणारा.

किल्ल्याजवळचा नदीकाठ नवा करून तिथे बाग, बाकं आणि फिरायचा रस्ता झाला, तेव्हा मीच त्याला तिथे घेऊन गेलो. त्याची मला आजतागायत शिक्षा चालू आहे. तिथल्या पाटीवर त्याने वाचलं की एकेकाळी हे मोठं बंदर होतं, इथून देशोदेशी जहाजं जायची. तो गंभीर झाला. भेळ हातात तशीच. म्हणाला, "दाजी, एवढी जहाजं गेली. सगळ्यांना पोहोचवायला कुणी आलं असेल?"

"मला काय ठाऊक? मी होतो का तिथे?"

"म्हणजे बरेच निरोप राहिले असतील," तो म्हणाला, आणि त्याने भेळ माझ्या हातात देऊन रिकाम्या नदीकडे बघत हात हलवायला सुरुवात केली.

तेव्हापासून दर रविवारी हा राहिलेलं काम उरकायला तिथे जातो. पहिल्या दिवशी त्याला बघून मक्याची कणसं विकणारा थांबला. मग एक नवं जोडपं कठड्याशी आलं. मग एक अख्खं कुटुंब. कुणीतरी म्हणालं, "कोई डूब्यो लागे छे!" आणि सगळी बाग कठड्यावर ओणवी झाली. रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला.

"काका, किसको बाय कर रहे हो?"

"जहाज को."

"जहाज किधर है?"

"निकल गया," मेव्हणा हळहळून म्हणाला.

रखवालदाराने नदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आपल्याला उशीर झाला असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी भेळ घेऊन लांब जाऊन बसलो.

एवढं होऊनही ज्योतीला, माझ्या मुलीला, बघायला पाहुणे आले तेव्हा मी ती बैठक याच बागेत ठेवली. मुलगा चांगला होता. त्याचं गाव खानदेशातलं, तापीकाठच्या प्रकाशाच्या बाजूचं. त्याच्या वडिलांना, महाराज सुरतेत येऊन गेले तेव्हाचा किल्ला बघायचा होता, आणि मामाशिवाय बैठक होत नाही म्हणून मेव्हण्याला बोलवावं लागलं. मी त्याला आधीच दम दिला होता, "आज कुणाला हात दाखवलास तर तुझा हात मी बांधून ठेवीन."

मुला-मुलीची पसंती पहिल्या बाकावरच झाली. अडलं होतं ते लग्न कुठे करायचं यावर. मला ते सुरतेतच हवं होतं. ज्या मार्केटात मी डोक्यावर गठ्ठे वाहिले, त्या मार्केटाने माझ्या पोरीच्या मांडवात जेवावं, एवढीच माझी इच्छा होती. पण हे बोलून दाखवलं तर सौदा गेलाच. म्हणून मी पाहुण्यांच्या प्रवासाची काळजी केली, उन्हाळ्याची केली, त्यांच्या गावच्या पाण्याचीसुद्धा केली. शेवटी मुलाचे वडील म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतंय. होऊन जाऊ द्या सुरतेत."

मी ताडकन उठलो. "चला चला, गाडी चुकेल तुमची!"

मंडळी उठली. फाटक समोर होतं, रिक्षा फाटकात होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "दाजी, असं कसं? पाहुण्यांनी नदीला सांगितलं का?"

"काय सांगायचं नदीला?" मी ओरडलो.

"येतो म्हणून."

मुलाची आत्या थबकली. वयस्कर, खमकी बाई. परत फिरली, कठड्याशी गेली आणि पदर सावरून तापीला म्हणाली, "येस व माय!" मग भावाकडे वळली. "अरे, ही आपल्या घाटावरूनच येते ना?"

"तुमच्याकडूनच येते," मेव्हणा म्हणाला. "ती तिकडून निघते, तेव्हा तिला पोहोचवायला कोण येतं?"

मुलाचे वडील विचारात पडले. आणि, मी हे डोळ्यांनी पाहिलं, ते बाकावर बसले. "कुणी नाही बुवा," ते म्हणाले. "एवढी वर्षं झाली. आमच्याकडे कुणी येत नाही."

मी रिक्षावाल्याला हाका मारल्या, घड्याळ दाखवलं, ऊन दाखवलं. बसलेल्या माणसापुढे काही चालत नाही. गाडी गेली. आत्याने निकाल दिला, "लग्न आपल्याच काठावर करायचं. चार माणसं घाटावर जमतील, हिलाही कुणी सोडायला आलं असं होईल." जगात आजवर नदीच्या मानपानापायी मांडव हलला असेल तर तो एकटा माझा. मार्केटातले लोक अजून विचारतात, "सेठ, जमणवार क्यारे?" म्हणजे जेवण कधी. मी काय सांगणार?

लग्न तिकडे झालं. छान झालं, हे मी मेव्हण्यासमोर कधीही म्हणणार नाही. पण मुलाच्या दारी लग्न केलं की होतं असं, की पोरगी तिथेच राहते आणि निघावं लागतं आपल्याला. आमची बस उभी होती. ज्योती शालूतच आम्हाला पोहोचवायला आली. मेव्हणा चढला आणि उतरला. "टाकीला पाणी कधी येतं ते विचारून ठेव," म्हणून परत चढला. परत उतरला. "नदीकडे एकटी जाऊ नको." बसमधल्या बायका ओरडायला लागल्या, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. शेवटी ज्योती म्हणाली, "मामा, बस ना आता. आज मी आलेय तुला पोहोचवायला."

तो गुपचूप येऊन माझ्याशेजारी खिडकीत बसला. हात मांडीवर. खाली ज्योती हात हलवत होती आणि हा नुसता बघत होता. मग माझ्याकडे वळून त्याने अगदी हळू विचारलं, "दाजी, जाणाऱ्याने काय करायचं असतं?"

ड्रायव्हरने गिअर टाकला तेव्हा मीच ओरडलो, "थांब रे जरा! एवढी कसली घाई आहे?"

मांडवाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाणारही नाही. पण रविवारी दुकान बंद करून मी किल्ल्याजवळच्या बागेत जातो. मेव्हणा समुद्राच्या बाजूला तोंड करून जहाजांचं काम उरकत असतो. मी त्याच्याकडे पाठ करून, पाणी जिकडून येतं तिकडे बघत बसतो. मी हात वगैरे हलवत नाही. मार्केटातलं कुणी बघेल.

निघताना तो दर वेळी विचारतो, "दाजी, नदीला सांगितलं का?"

"सांगितलं, सांगितलं!" मी खेकसतो.

सांगितलेलं असतं.