उत्तरेला उघडी पेटी

आर्क्टिकच्या मोहिमेत सीट एकच होती आणि ती माझ्या रक्तदाबाने घालवली. गेली माझी सहकारी, काटोलची, माझ्याहून दोन वर्षांनी ज्युनिअर. नागपूरच्या विमानतळावर मी तिला हसत हसत निरोप दिला आणि घरी येऊन बायकोवर विनाकारण डाफरलो.

जमिनीतून निघणारे मायक्रोवेव्ह किरण मोजणारं मोहिमेचं यंत्र तयार केलं होतं मी. गोठलेल्या मातीतून ते वेगळे निघतात, वितळून ओल्या झालेल्या मातीतून वेगळे. पण नागपुरात गोठलेली जमीन आणायची कुठून? कुहीच्या आमच्या धानाच्या बांधीतली माती टबात भरली, एका आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये गोठवली आणि भर मे महिन्यात गच्चीवर बसून ती वितळताना आकडे घेतले. आता त्याच यंत्राशेजारी लाल जाकीट घालून ती उभी. रोज एक फोटो यायचा. मी अंगठा पाठवायचो आणि जळायचो.

माझ्या वाट्याला उरलं तिने पाठवलेले आकडे तपासणं. दुसऱ्या आठवड्यात दिसलं, यंत्राशेजारच्या थर्मामीटरप्रमाणे तिथली हवा रोज मध्यरात्री अचानक तापते. मायक्रोवेव्हमध्ये त्याचा मागमूस नाही. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. बाईंना साधा थर्मामीटर लावता येत नाही! आमच्या साहेबांनाही ते खटकलं. पुढच्या वर्षीही सीट एकच आहे, कोणाला पाठवायचं त्याचा नीट विचार करावा लागेल, म्हणाले.

मग कारण माझ्या लक्षात आलं. थर्मामीटरवरची लाकडी पेटी मीच बनवली होती, एका बाजूने उघडी. ती बाजू उत्तरेला ठेवायची, असं मीच तिला बजावलं होतं. आपल्याकडे वेधशाळेच्या पेटीचं दार उत्तरेलाच असतं, ऊन आत शिरू नये म्हणून. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि मध्यरात्री तो नेमका उत्तरेला असतो.

एक फोन करायचा होता. चार दिवस मी केला नाही.

पाचव्या दिवशी तिचाच आला. तिला कारण सापडलं होतं, उघडी बाजू तिने फळ्या मारून झाकली होती. साहेबांना मात्र तिने पेटी लावताना स्वतःचीच चूक झाली असं कळवलं होतं. पुढच्या वर्षी तुमचा नंबर लागायचा आहे, त्यात हे कशाला, म्हणाली.

तिने सहज विचारलं, "दादा, तुमी तं रोज आकडे पाहून राहिले ना? तुमच्या ध्यानात नाही आलं?"

"नाही वं," मी म्हणालो. "सुटलं नजरेतून."

ती म्हणाली, "असू द्या."

पुढच्या वर्षीच्या यादीत साहेबांनी माझं नाव घातलं आहे. खरं काय ते सांगायला मी अजून त्यांच्याकडे गेलेलो नाही.