शनिवारचे अंदाज माझे नव्हते

निवृत्तीनंतर मी ओहायोतल्या डब्लिनला मुलाकडे राहायला गेलो, ते साल दोन हजार चार असावं. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे मराठी मंडळी जमत. शनिवारी कॉलेज फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचे, सामने असत आणि आपल्या राज्याची टीम ज्या गटात खेळे त्या कॉन्फरन्समध्ये कोण जिंकणार, याचे अंदाज जेवणाआधी प्रत्येकजण सांगे. माझे बहुतेक बरोबर येत. "काका, तुम्ही क्रिकेटच्या पिचसारखी टीम वाचता," असं मुलाचे मित्र म्हणत.

मला तो खेळ नीट कळतही नव्हता. अंदाज माझ्या सुनेचे असत. ऑफिसला ड्राइव्ह करताना ती रेडिओवर त्याच चर्चा ऐके आणि घरी आल्यावर चहा करता करता मला सांगे, "बाबा, त्यांचा क्वार्टरबॅक, तो चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जखमी आहे, ते हरणार."

एका शुक्रवारी मी "उद्या आपली टीम हरणार" असं जाहीर केलं. पोळ्या घेऊन आलेली सून सहज म्हणाली, "हो, डिफेन्स फारच ढिला आहे."

एक मित्र हसला. "वहिनी, काकांचं ऐकून तुम्हीपण एक्स्पर्ट झालात की!"

सगळे हसले. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मीही हसलो.

आपली टीम हरली. पुढच्या शुक्रवारी चहाच्या वेळी मी विचारलं, "उद्या कोण गं?"

"तुम्हीच सांगा, बाबा," ती म्हणाली आणि चहा गाळत राहिली.

त्यानंतर माझे अंदाज चुकू लागले. काकांचं आता वय झालं, असं मंडळींनी ठरवलं. मी तेही तसंच राहू दिलं.