शैलाताईंची पोवळ्यांची वही

शैलाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी देवघरातला तांब्याचा हंडा चिंचेने घासत बसले होते. माझे थोरले दीर, म्हणजे ताईंचे यजमान, आमचे दादा, दवाखान्यातून आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "मंगल, शैला गेली गं." मी उठले नाही. हंडा पुरता घासला, विसळला, पालथा घातला आणि मग रडायला बसले. मागाहून बायका म्हणाल्या, बिचारीला धक्का बसला. धक्का तर होताच... आम्ही दोघी जावा इतकी वर्षं एका ओट्यापाशी उभ्या राहिलो. पण हात थांबले नाहीत त्याचं कारण निराळं होतं. त्या हंड्याच्या गोष्टीतला एक तुकडा आता घरात फक्त मला ठाऊक आहे, आणि तो गिळून ताईंबद्दल चार चांगल्या ओळी लिहिणं मला जमणार नाही.

ताई रत्नागिरीकडच्या. माहेरच्या मागच्या दारी समुद्र. प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेल्या, लग्नाआधी वर्षभर शाळेत शिकवलेलं. दादा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, मुलगा चांगला, माणसं चांगली, म्हणून त्या पंचवटीतल्या आमच्या घरात येऊन पडल्या. घर म्हणजे एकामागे एक चार खोल्या आणि खिडकी एकच, मधल्या खोलीत, तीही बोळात उघडणारी. समोरच्यांच्या फोडणीने आम्हाला ठसका लागायचा. ताईंनी इथल्या एका शाळेत अर्ज करायचं काढलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सुनेच्या पगारावर जगायची वेळ आमच्यावर आलेली नाही." विषय संपला. ताई कधी समुद्राचं बोलल्या की सासूबाईंचं ठरलेलं, "समुद्र नसेना का, गंगा आहे की दाराशी!" गंगा म्हणजे आमची गोदावरी. सासूबाई वाईट नव्हत्या हो. पण आपल्याला जे कधी मिळालं नाही ते दुसरीला हवंसं वाटू शकतं, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

दादांना बायकोला नोकरी देता आली नाही, म्हणून त्यांनी तिला काचपेटी दिली. तसबिरींना चौकटी करणाऱ्याकडून लोखंडी सांगाड्यात काचा बसवून आणली. दोनदा गळली, तिसऱ्यांदा टिकली. त्या भाऊबीजेला ताईंचे भाऊ, अण्णा, एस.टी.ने आले ते समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन आणि एका डब्यात ओला दगड घेऊन. ओवाळून झाल्यावर साडी नाही, पाकीट नाही, त्यांनी तबकात तो डबाच ठेवला. सासूबाईंनी वाकून पाहिलं. दगडाला तपकिरी बटणं चिकटलेली. ताई म्हणाल्या, ही जिवंत पोवळी. "मग यातून अंगठीचं पोवळं कधी निघायचं?" सासूबाईंनी विचारलं आणि आम्ही सगळे खो-खो हसलो. पण चार दिवसांनी पाणी निवळलं, खिडकीतून उन्हाची तिरीप पेटीवर आली आणि ती बटणं उघडली... एकेकाला बारीक हिरव्या पाकळ्या, मध्ये केशरी ठिपका. ताई जमिनीवर मांडी घालून बघत राहिल्या. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी तोवर पाहिला नव्हता. म्हणाल्या, "ही एकदा चिकटली की जागा सोडत नाहीत, मंगल. जगायचं तर आहे तिथेच."

पेटीचं करणं म्हणजे तान्ह्या बाळाचं करणं. नाशिकच्या कोरड्या हवेत पाणी बघता बघता उडून जाई. मीठ उडत नाही, पाणीच उडतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, हे मला ताईंनी समजावलं. नळाचं पाणी त्या आदल्या दिवशी मातीच्या माठात काढून ठेवत. खारेपणा बघायला गवळ्याकडून लॅक्टोमीटर मिळवला होता. "दुधात पाणी किती ते सांगतो, मग पाण्यात मीठ किती तेही सांगेल की." हवेचा छोटा पंप विजेवर चाले, आणि वीज गेली की सायकलच्या पंपाने हवा मारावी लागे. नवरा अख्ख्या जिल्ह्याची वीज करतो आणि बायको अंधारात पंप मारते, असं मी चिडवलं की दादा मुकाट्याने उठून पंप हातात घेत. या सगळ्याची एक वही होती. ऊन किती तास, पाणी किती गरम, लॅक्टोमीटरचा आकडा, किती उघडी, किती मिटलेली.

महिन्यातले चार दिवस मात्र ताईंना पेटीला हात लावता येत नसे. आमच्याकडे त्या दिवसांत बाईने शेवटच्या खोलीत बाजूला बसायचं, वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा पेला. मीही बसत असे, पण माझं बसणं निराळं होतं, माझी उमा झालेली होती. ताईंना मूल नव्हतं. त्यांचं बसणं म्हणजे या महिन्यातही काही नाही, हे घरभर जाहीर होणं. त्या चार दिवसांत पेटीत पाणी घालायचं आणि वही भरायची ती मी. आतल्या खोलीतून आवाज येई, "मंगल, आज किती उघडी आहेत गं?" मी मोजून सांगे.

दुसऱ्या वर्षी पोवळी मिटू लागली. आज चार, उद्या सात, मग कडेची काळी पडून गळायची. ताईंनी काय करायचं बाकी ठेवलं! ऊन कमी पडत असेल म्हणून खिडकीत आरसा लावला. पाणी तापत असेल म्हणून पेटीवर ओलं फडकं टाकलं. उदबत्तीच्या धुराचा संशय आला तेव्हा देवघराचं दार ओढून घेऊ लागल्या, त्यावरून बोलणी खाल्ली. अण्णांनी दोनदा नवं पाणी आणून दिलं. प्रत्येक वेळी जरा बरं वाटे आणि पुन्हा तेच. मग एका दुपारी त्यांनी वही माझ्यापुढे उघडून ठेवली. मिटण्याची सुरुवात दर महिन्याला माझ्या अक्षरातल्या ओळींवर होती. "माझ्या चार दिवसांत," त्या अगदी हळू म्हणाल्या. सासूबाईंना वही लागली नाही, त्यांनी आधीच ताडलं होतं. विटाळशीची सावली पडली की पापड लाल होतात, लोणचं नासतं, तुळस करपते. "हे तर जिवंत आहे. मी तुला दोष देत नाही, शैला. देहच तसा असतो. पाणी जाणतं." त्यात राग नव्हता, दया होती, आणि ती रागापेक्षा वाईट लागली.

कारण ताईंना ते खरं वाटू लागलं. मला बेडकाचं हृदय पाटीवर काढून दाखवणारी बाई, आणि ती स्वतःच्याच वहीत अडकली. भोळी असती तर देवाला नारळ बोलून मोकळी झाली असती. पण पुरावा तिनेच रोज खरा खरा लिहून ठेवला होता, तो खोटा कसा म्हणणार? त्या पेटीपासून लांबून जाऊ लागल्या. एके दिवशी उमा त्यांच्याकडे झेपावली तर दोन पावलं मागे सरल्या. म्हणाल्या, "नको. माझ्याकडे नको देऊस तिला." पोवळ्यांचं जाऊ द्या, त्या काचेपलीकडे खरं कोण मिटत चाललं होतं ते मला त्या दिवशी दिसलं, आणि मला काही करता येईना.

भाद्रपदात सासऱ्यांचं श्राद्ध आलं. ताईंची तारीख तेव्हाचीच, वहीमुळे मला ती पाठ. पण त्या बसल्या नाहीत. सकाळी न्हाऊन ओट्यापाशी आल्या, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुटपुटल्या, "प्रयोगाला एक साक्षीदार लागतो." मला कळलं, त्या विटाळातच ओट्यापाशी आल्या होत्या. वडे, खीर, भाज्या, पितरांचं पानसुद्धा, सगळं त्यांच्या हातचं. आणि चारही दिवस पेटीत माठातलं पाणी त्यांनी स्वतः घातलं. पाचव्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तिथे त्या धावत आल्या. एकही पोवळं मिटलं नव्हतं. "मी नव्हते, मंगल. मी नव्हते गं..." माझ्या खांद्यावर डोकं टाकून त्या केवढ्या रडल्या! आणि डोळे पुसता पुसताच विचारलं, "तू पाणी कुठलं घालायचीस?"

"देवघरातल्या हंड्यातलं. रात्रभर भरलेलं, सोवळ्यातलं. माठाला तुमचा हात लागलेला असायचा ना, आईंना चाललं नसतं. म्हटलं, शुद्ध आहे ते घालावं."

तांबं! तो हंडा मी रोज चिंचेने लखलखीत करायची. माणसाला मानवतं, पण या जिवांना एवढंसं साठत गेलेलं तांबंही विष, हे ताई शिकलेल्या होत्या. पण मी पाणी कुठून आणते, हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्या इतक्या हसल्या की कठड्याला धरून खाली बसल्या. मी म्हटलं, चला, आईंना सांगू. हसू थांबलं. "काय सांगू? कशावरून म्हणाल्या तर?" खरंच होतं. ताईंवर विटाळाचा दोष नाही हे सिद्ध करायचं, तर श्राद्धाचा स्वयंपाक विटाळात केला हे कबूल करायचं. कपाटाची किल्ली कपाटाच्या आतच राहिली. आम्ही गप्प बसलो. उरलेली पोवळी जगली, त्यांच्यासाठी नळाचं पाणी भरून ठेवायला ताईंनी निळा प्लास्टिकचा मग आणला, आणि घरात कायमचं ठरून गेलं की शैलाची पोवळी विटाळाने मेली.

आमच्या गप्प बसण्याचं फळ उमाच्या वाट्याला आलं. ती तेरा वर्षांची झाली, सासूबाईंनी तिला आतल्या खोलीत बसवलं. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा, आणि वह्या-पुस्तकांना शिवायचं नाही. पोरगी चिडली, भांडली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खोटं वाटतं? तुझ्या काकूची पोवळी कशी मेली ते विचार तिला." उमाने दारातून विचारलं, "काकू, खरं का हो?" मी पोळ्या लाटत होते. ताईंनी हातातली परात खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. हंडा, तांबं, वही... आणि श्राद्ध. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या नवऱ्याच्या पानात..." एवढंच त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मंगल, तुला हे ठाऊक होतं?"

माझ्याआधी ताई बोलल्या, "तिला काही ठाऊक नव्हतं."

आणि मी मान हलवली. नव्हतं म्हणून.

उमा पुन्हा कधी बाजूला बसली नाही, तिची पुस्तकं ताईंनीच तिच्या हातात दिली. सासूबाई त्यानंतर तीन वर्षं जगल्या, पण ताईंच्या हातचा पाण्याचा पेलाही त्यांनी घेतला नाही. त्याच घरात, त्याच चार खोल्यांत, रोज समोरासमोर. त्यांचं पान मी वाढायची. जेवताना त्या ताईंना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "मंगल, तुझा हात शुद्ध." ताई खाली मान घालून आपलं काम करत राहायच्या आणि मी आणखी एक पोळी वाढायची. नंतर कधी मी विषय काढला तर ताई म्हणाल्या, "दोघींनी अडकून काय करायचं होतं? तुला उमा आहे."

शेवटची पोवळी ताईंच्या आजारपणात गेली, पंप मारायला कुणाला सवडच नव्हती. पेटी मधल्या खोलीत तशीच आहे, काचांवर मिठाचे पांढरे ओघळ. तेराव्यानंतर दादांनी मला वही आणून दिली. "शैलाने तुला द्यायला सांगितलं होतं," म्हणाले. त्या भाद्रपदाचं पान मी शोधून काढलं. चारही ओळी ताईंच्या अक्षरात. सर्व उघडी. पाणी माठातले. आणि खाली, शाळेतल्या प्रयोगवहीत लिहितात तसं, साक्षीदार: मंगल.

वही इतकी वर्षं त्यांच्यापाशी होती. सासूबाईंपुढे ते एक पान उघडलं असतं तरी मला अडकवायला पुरे होतं. त्यांनी उघडलं नाही. हंडा अजून देवघरात आहे, सकाळी मीच भरते. आज तो भरून ठेवला, सासूबाईंच्या तसबिरीपुढे उभी राहिले आणि जे त्या दिवशी पोळपाटापाशी म्हणायचं होतं ते मोठ्याने म्हटलं. आई, मला ठाऊक होतं.