मस्कतहून आलेल्या कॅसेट

आईनं त्या कॅसेट पुण्याहून माझ्याकडे येताना हँडबॅगेतून आणल्या होत्या, एका जुन्या स्कार्फमध्ये गुंडाळून. बाबांना न सांगता. "मोठ्या बॅगेत टाकायला जीव धजेना," ती मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "घरातला टेपरेकॉर्डर कधीचाच बंद पडलाय. तुझ्या कॉम्प्युटरवर घेता येतील का गं?"

मी लहान असताना बाबा मस्कतला एका वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. फोन परवडायचा नाही, म्हणून ते कॅसेटवर बोलायचे आणि सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती ती घरी पाठवायचे. आता त्यांना आवाज नाही. घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्यावरच्या छिद्रातून ते श्वास घेतात, त्यावर मऊ कापड बांधतात. बोलताना नुसते ओठ हलवतात आणि आई ते वाचून आम्हाला सांगते. माझी मुलगी ऑपरेशननंतर जन्मली, इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये. आजोबांचा आवाज तिनं कधी ऐकलेला नाही.

मी फ्लोमार्क्टमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून, एक जुना कॅसेट डेक आणला. विकणारे म्हातारे गृहस्थ "चालतो, चालतो" म्हणाले, म्हणून घेतला. एक वायर कॉम्प्युटरला जोडली, रेकॉर्डिंगचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. शनिवारी सकाळी बाबा नातीला घेऊन बसनं लायब्ररीत गेले, तेव्हा आईनं एक कॅसेट माझ्या हातात ठेवली. मी डेकचं बटण दाबलं.

आधी खरखर. मग स्पीकरमधून, "हॅलो... हॅलो... चालू आहे का हे?"

स्क्रीनवर निळी रेघ उसळली. आईनं पदर तोंडाशी धरला. बाबा तिथल्या उकाड्याबद्दल बोलत होते, मग खोलीतला एकजण भात कसा रोज करपवतो ते. आवाज तरुण होता, किंचित अनुनासिक. तो असा अनुनासिक होता हे मी विसरूनच गेले होते.

आवाजात आम्हाला दार उघडल्याचं कळलंच नाही. लायब्ररी कसल्याशा कार्यक्रमासाठी बंद होती, म्हणून दोघं लवकर परतली होती. बाबा बुटांसकट खोलीच्या दारात उभे.

"वेर इस्ट दास?" मुलीनं विचारलं. कोण आहे हे?

आणि नेमका तेव्हाच कॅसेटमधला बाबांचा आवाज जड झाला, लांबत गेला, एखाद्या गुंगी आलेल्या माणसासारखा, आणि थांबला. डेकच्या आत काहीतरी करकरलं. टेप गुंडाळली जात होती. मी झडप घालून बटण बंद केलं.

बाबांचा श्वास गळ्यातून शिटीसारखा वाजत होता. ते रागावले की असा वाजतो. त्यांचे ओठ हलले. मी सवयीनं आईकडे पाहिलं.

आई म्हणाली, "मी नाही सांगणार. त्यांचं त्यांनी सांगावं."

बाबांनी पुन्हा ओठ हलवले, या वेळी सावकाश, माझ्याकडे बघत. *बंद कर हे सगळं. फेकून दे.* तेवढं मलाही वाचता आलं.

"अहो, मी रोज दिवसभर तुमचं बोलणं माझ्या आवाजात बोलते," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बँकेत, दवाखान्यात, फोनवर. तक्रार नाही माझी. पण मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. त्यात तुमचं काय जातं?"

बाबा वळले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मी डेक उघडला. टेप रबरी चाकाभोवती घट्ट आवळली होती. ओढली तर तुटणार. आई बाजूला बसून नुसती बघत होती. मी भुवयांच्या चिमट्यानं एकेक वेढा सोडवत राहिले. इतकी घाबरून मी ऑफिसात दवाखान्यांसाठी बनणाऱ्या कोट्यवधींच्या स्कॅनरलाही हात लावलेला नाही. टेप निघाली. तुटली नव्हती, पण बोटभर भागाला चुण्या पडल्या होत्या. त्या नखानं सपाट केल्या, पेन्सिल घालून टेप आत गुंडाळली. डेकचं चाक स्पिरिटनं पुसलं आणि आधी मुलीची गोष्टींची एक जुनी जर्मन कॅसेट लावून बघितली. ती नीट चालली.

तरी बाबांची कॅसेट पुन्हा घालायचं धाडस होईना. या खेपेला गेली तर गेलीच.

"लाव," आई म्हणाली.

मी लावली. चुण्यांच्या जागी आवाज पाण्यात बुडाल्यासारखा झाला, मग वर आला. रेघ पुढे सरकू लागली.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, मुलगी खोलीत नाही. आतलं दार उघडं होतं आणि ती बाबांसमोर उभी होती. "आजोबा, बिस्ट दू दास?" तुम्ही आहात का हे? बाबांना जर्मन येत नाही, पण प्रश्न त्यांना कळला. मग त्यांनी मान हलवली. हो.

ती त्यांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन आली. बाबा आईपासून लांब, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. नजर जमिनीकडे. कॅसेटमधले बाबा विचारत होते की मी सायकलवरून पडले होते, ती गुडघ्याची जखम भरली का. मी आवाज कमी करायला हात पुढे केला, तर त्यांनी हातानंच 'राहू दे' म्हटलं.

बाजू संपली. बटण खटकन वर आलं. मग बाबा उठले, डेकमधून कॅसेट काढली, उलटी करून घातली आणि मला रेकॉर्डिंग सुरू करायची खूण केली.

उरलेल्या सगळ्या कॅसेट आई-बाबांची परतीची फ्लाइट निघेपर्यंत आम्ही उतरवून घेतल्या. बाबा प्रत्येक वेळी बसले, दोनदा मध्येच उठून बाल्कनीत गेले. आई हल्ली पुण्यात दुपारी इअरफोन लावून ती रेकॉर्डिंग्ज ऐकत पडते. परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी ओठ हलवले आणि आई हसत म्हणाली, "म्हणतायत, हिच्या कानातून जरा मला बाहेर काढ, चहा कोण करणार?"